छातीत कळ नाही म्हणून ते पित्तच, असं नसतं

आषाढात आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. आठ-दहा दिवसांत तोच मेसेज माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये दिसू लागला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. मेसेज थोडक्यात असा: ‘हार्ट अटॅक म्हणजे छातीत डावीकडे जोराची कळ आणि डावा हात दुखणे. हे नसेल तर घाबरू नका, गॅस आहे, सोडा घ्या. अटॅक आलाच तर जोरजोरात खोकत राहा, लाल तिखटाचं पाणी प्या, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा. दवाखाना गाठायला भरपूर वेळ मिळतो.’

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही. पण यातलं पहिलं वाक्यच माणूस घालवू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

‘कळ आणि डावा हात नसेल तर गॅस.’ बहुतेकांना त्रास छातीतच होतो हे खरं, पण ती कळच असते असं नाही. लोक सांगतात, आवळल्यासारखं होतंय, छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटतंय. दुखतंय का विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. हृदयाकडून येणाऱ्या आणि हात, खांदा, जबडा इथून येणाऱ्या संवेदना मेंदूकडे जाताना एकमेकींत मिसळतात, त्यामुळे नेमकं दुखतंय कुठं ते मेंदूला उमगत नाही. म्हणून कुणाचा उजवा हात दुखतो, कुणाची पाठ, कुणाचा गळा किंवा खालचा जबडा. हृदयाची खालची बाजू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेली असते. तिथला रक्तपुरवठा अडला की बेंबीच्या वर दुखतं, मळमळतं, उलटी होते. अगदी पित्तासारखं. मधुमेह जुना असेल तर नसा बोथट झालेल्या असतात आणि दुखणं जाणवतच नाही. बायकांना छातीतला त्रास होतोच, पण सोबत धाप, मळमळ, गळून जाणं हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. म्हाताऱ्या माणसाला कधी नुसती धाप लागते, कधी एकाएकी भ्रम होतो.

माझ्या मावशीचं असंच झालं. वय ५८, साखरेच्या गोळ्या बारा वर्षं चालू. रोपलावणीच्या दिवसांत वाफ्यात वाकलेली असताना तिचा खालचा जबडा दुखू लागला. सोबतच्या बायका म्हणाल्या, ‘आक्का, दाढ किडली असंल.’ घरी येऊन तिनं कोरडं लुगडं नेसलं, तेही अर्ध्या तासात भिजलं. पावसात भिजलेल्या अंगावरचा घाम शेतात कुणाला दिसणार? घरात, छपराखाली दुसऱ्यांदा भिजलेलं ते लुगडं हीच खूण होती आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. दुपारची पित्ताची गोळी माझ्याच दुकानातून गेली होती. संध्याकाळी एका दवाखान्यात इंजेक्शन देऊन परत पाठवलं, ईसीजी काढलाच नाही. रात्री धाप लागली तेव्हा बेळगावला नेलं. जबडा दुखायला लागून तोवर अकरा तास उलटले होते. मावशी वाचली, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. विहिरीवरून घरी येईपर्यंत आता तिला दोनदा बसावं लागतं.

तेव्हापासून चाळिशीपुढचं कुणी गॅसची गोळी मागायला आलं की मी विचारतो: घाम आला का? धाप लागते का? चाललं की वाढतं का? असं आधी कधी झालं होतं का? बेंबीपासून जबड्यापर्यंत कुठंही नवाच त्रास, सोबत थंड घाम, धाप किंवा मळमळ, आणि दहा-पंधरा मिनिटांत उतार नाही, तर आधी ईसीजी, मग पित्ताचा विचार. ढेकर आला, बरं वाटलं, म्हणूनही थांबू नका. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असंही नाही. त्रास चालू असेल तर काही वेळानं पुन्हा ईसीजी काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात. ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, संकोच करू नका.

‘जोरजोरात खोका.’ याला एक जुना धागा आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं की अँजिओग्राफीच्या टेबलावर ठोके अचानक बिघडलेल्या रुग्णाला लगेच खोकायला लावलं, तर काही सेकंद शुद्ध टिकते. समोर मॉनिटर, शेजारी शॉक देणारं यंत्र आणि सांगायला डॉक्टर होते. त्याचा घरगुती उपाय पुढे ईमेलवाल्यांनी केला. अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं. खोकून ती निघत नाही. खोकत बसण्यात फोन करायची मिनिटं मात्र जातात. हृदय बंद पडून माणूस कोसळला तर तो खोकणारच नाही, तेव्हा हात दुसऱ्यांनी लावायचा असतो. निपाणी-चिकोडीकडे ‘सीपीआर’ म्हटलं की कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवतं. मी म्हणतोय तो सीपीआर म्हणजे छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबणं, मदत येईपर्यंत न थांबता.

तिखटाच्या पाण्यानं फक्त उलटी होईल.

‘जिभेखाली सॉर्बिट्रेट.’ ही गोळी रक्तदाब खाली आणते. दाब आधीच पडलेला असेल, किंवा हृदयाच्या उजव्या बाजूला झटका असेल, तर ती माणसाला आडवं करू शकते. लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी आदल्या दिवशी घेतली असेल तर धोका फारच मोठा, आणि ही गोष्ट घरात कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी ज्याला लिहून दिलीय त्यानंच घ्यावी. ॲस्पिरिनचं वेगळं आहे. १९८८ च्या एका मोठ्या अभ्यासात, अटॅकची शंका असलेल्या १७,१८७ रुग्णांमध्ये, ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. आधी फोन, मग फोनवर किंवा डॉक्टरांनी हो म्हटलं तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या, चावून. ॲलर्जी, पोटात अल्सर, कुठं रक्तस्राव असेल तर नाही. अर्धांगवायूची शंका असली तरी नाही.

‘भरपूर वेळ मिळतो.’ मिळत नाही. रक्त अडल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास हृदयाचा स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जितकं काम करतं तितकं नंतर करत नाही. आमच्याकडे हा वेळ बेळगाव की कोल्हापूर या चर्चेत जातो. कुणाचा भाचा कुठं आहे, कुठं मराठी बोलतात, पैसे कुठं जास्त लागतील. ही चर्चा ईसीजीनंतर करा. कन्नड सिनेमातले नट पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्यांच्या नावानं कर्नाटक सरकारनं हृदय ज्योती योजना सुरू केली. तिच्यात तालुका आणि जिल्हा रुग्णालयांत ईसीजी काढून तज्ज्ञांकडून लगेच वाचून घेतात आणि गरज असेल तर टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत देतात. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय आहे का, हे आज सगळे धडधाकट असतानाच जाऊन विचारून या.

१०८ लावल्यावर गाव, तालुका, जिल्हा सांगा आणि हद्दीवरचं गाव असेल तर राज्यही सांगा. पलीकडच्याला मराठी येईलच असं नाही. कन्नडमध्ये ‘एदे नोवु’ म्हणजे छातीत दुखणं, ‘उसिराट तोंदरे’ म्हणजे श्वासाचा त्रास, ‘बेवरु’ म्हणजे घाम. मावशीच्या दाराशी हे शब्द, १०८ आणि तिच्या गोळ्यांची नावं लिहिलेला कागद चिकटवलाय. तिला वाचता येत नाही, म्हणून नातीकडून तिनं ते तिन्ही शब्द पाठ करून घेतलेत.