फ्लरीत मेयर आहे, पण तो निवडून येत नाही

‘फ्रान्समधल्या एका गावात एकही माणूस राहत नाही, तरी दर निवडणुकीत तिथे मेयर निवडून येतो,’ हा मजकूर सध्या खूप फिरतोय. गाव खरं आहे, निवडणूक खोटी. फ्रान्सच्या व्हर्दून शहराच्या ईशान्येला असलेलं हे फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ. मतदारच नाहीत, मग मतदान कुठलं? १९१९ च्या कायद्याने अशा गावांसाठी तीन जणांचं मंडळ ठरवलं. म्यूझ जिल्ह्याचा प्रिफेक्ट, म्हणजे तिथला सरकारी प्रमुख, ते नेमतो आणि मंडळाच्या अध्यक्षाला मेयरचे अधिकार मिळतात.

फ्लरी एकटंही नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या व्हर्दूनच्या लढाईत इथली नऊ गावं नष्ट झाली, त्यांपैकी सहा आजही निर्मनुष्य कम्यून (फ्रान्समधला सर्वांत लहान स्थानिक प्रशासकीय घटक) आहेत. युद्धापूर्वी फ्लरीत चारशेहून अधिक लोक होते. त्या उन्हाळ्यात गावाचा ताबा सोळा वेळा बदलला. नंतर जमिनीत न फुटलेले तोफगोळे इतके उरले की शेती अशक्य झाली, म्हणून वर जंगल लावलं.

‘काहीच उरलं नाही’ हेही अर्धसत्य. गवताखाली तोफगोळ्यांचे खड्डे स्पष्ट दिसतात, जुन्या गल्ल्यांच्या जागी पायवाटा आहेत, आणि कुठे बेकरी होती, कुठे शेतकऱ्याचं घर, ते सांगणाऱ्या खुणा रोवलेल्या आहेत. पायवाट मात्र सोडू नका.