‘जुग सहस्र जोजन’ : सूर्याच्या अंतराचा हिशेब

हनुमान जयंती आली की हा मेसेज फिरतोच: ‘जुग सहस्र जोजन पर भानू’ या हनुमान चालीसेतल्या ओळीत तुलसीदासांनी सूर्याचं अंतर तंतोतंत सांगून ठेवलंय. युग म्हणजे 12,000, सहस्र म्हणजे 1,000, योजन म्हणजे 8 मैल. गुणाकार 9 कोटी 60 लाख मैल, म्हणजे 15 कोटी 36 लाख किलोमीटर. मी शनिवारी मारुतीला रुईची माळ वाहणाऱ्या घरातली, म्हणूनच हे मला जास्त लागतं.

आधी ‘तंतोतंत’ बघू. मैलांचे किलोमीटर करायला 1.6 ने गुणलंय. मैल असतो 1.609344 किलोमीटरचा. पुणे-मुंबई अंतरात याने जेमतेम किलोमीटरभर फरक पडेल, म्हणून एरवी कुणी बघत नाही. पण 9 कोटी 60 लाखांना नीट गुणा, उत्तर येतं 15 कोटी 44 लाख 97 हजार. जवळजवळ 9 लाख किलोमीटर नुसत्या दशांशात गेले! चंद्रावर जाऊन परत यायलाही एवढं अंतर पडत नाही.

शिवाय सूर्य वर्षभर एकाच अंतरावर नसतो. जानेवारीच्या सुरुवातीला साधारण 14 कोटी 71 लाख किलोमीटर, जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाख. मेसेजमधला आकडा जुलैतल्या अंतराच्याही 15 लाख पलीकडे जातो. पुस्तकात दिसणारं 14,95,97,870.7 किलोमीटर हे खगोलीय एकक, म्हणजे अवकाशातली अंतरं मोजायचं माप आहे, 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने व्याख्येनेच ठरवून दिलेलं. आजचं अंतर सांगायचं तर ‘सुमारे 15 कोटी’ म्हणावं, तेच खरं.

आणि योजन? ते 8 मैलांचं कुणी ठरवलं? आर्यभटाने पृथ्वीचा व्यास 1,050 योजनं दिलाय, सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात तो 1,600 आहे. पृथ्वी तीच, म्हणजे एक योजन सुमारे 12 किलोमीटरचं, दुसरं 8 किलोमीटरचं. मेसेजची 1 कोटी 20 लाख योजनं पहिल्या मापाने साडेचौदा कोटी किलोमीटर होतात, दुसऱ्याने साडेनऊ कोटी. यातलं हवं ते माप उचललं तर उत्तर आधी ठरवून मग हिशेब केल्यासारखं होतं.

युगाचे 12,000 तर वर्षं आहेत, तीही देवांची. वर्षांनी योजनांना गुणून अंतर निघत नाही.

ओळीचा पुढचा अर्धा भाग मात्र मेसेजमध्ये कधीच नसतो: इतक्या लांबचा तो सूर्य बाळ मारुतीला गोड फळ वाटला आणि त्याने तो गिळला.