‘शॅकल म्हणजे मरणाला आवतण’: जिप्सीच्या लिफ्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण हात काळे करणाऱ्या माणसाची आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मारुती जिप्सी किंग कमी खर्चात उंच करून तिला २३५/७५ आर १५ टायर कसे बसवले, ते मी लिहिलं होतं. किंचित लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी), बॉडी लिफ्टसाठी बॉडी आणि चासीच्या मध्ये एक इंची पक, म्हणजे ठोकळे, आणि मडगार्डची थोडी कापाकापी, एवढाच मामला. त्यावर तुमचं म्हणणं असं: लांब शॅकल म्हणजे मरणाला आवतण, बॉडी लिफ्ट म्हणजे नुसता देखावा, त्याच पैशात पाटे हाउसिंगच्या (दोन चाकांमधल्या ॲक्सलच्या कवचाच्या) वर घेतले असते तर सरळ पाच इंच मिळाले असते, आणि हे सगळं बेकायदा. ‘पैसे नसतील तर करूच नये’, हे शेवटचं वाक्य.

सुरुवात बॉडी लिफ्टपासून करतो, कारण आपलं खरं भांडण तिथेच आहे.

कंपनीचा २०५/७० आर १५ टायर ६६८ मिलिमीटर उंच. २३५/७५ भरतो साधारण ७३३. फरक ६५ चा, पण त्यातला निम्माच वर येतो, म्हणजे ३३ मिलिमीटर. हाउसिंगचा गोळा (डिफरन्शियलमुळे फुगलेला भाग) जमिनीपासून तेवढाच उचलला जातो, आणि तो फक्त टायरमुळे. गाडी तुम्ही सहा इंच उचला नाहीतर दहा, गोळा आहे तिथेच राहतो. तेव्हा मला लिफ्ट हवी होती ती उंचीसाठी नव्हे, या ३३ मिलिमीटरला आणि वाढलेल्या रुंदीला जागा करून द्यायला.

आता ही जागा मोजायची कुठे? गॅरेजच्या सपाट फरशीवर मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चार बोटं जातात, हे बघून लोक खूश होतात. पण एक चाक दगडावर चढलं की पाटा दबत जातो आणि हाउसिंग बंपस्टॉपला, म्हणजे रबरी अडसराला, टेकल्यावरच थांबतो. तो बंपस्टॉप चासीवर आहे. शॅकल लांब केली म्हणून तो खाली सरकत नाही. म्हणजे पूर्ण दबलेल्या अवस्थेत टायर कंपनीच्या गाडीत जिथे जायचा तिथेच जातो, फक्त आता तो ३३ मिलिमीटरनं मोठा आहे. शॅकलनं मिळालेली सगळी उंची त्या क्षणी शून्य. चासीपासून बॉडीच वर घेतली तर मात्र मडगार्ड बंपस्टॉपपासून खरोखर लांब जातं, आणि ती एक इंच जागा चाक कितीही दबलं तरी हातात राहते. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, सगळं वजनदार सामान जागेवरच, त्यामुळे गाडीचा तोलही फारसा वर जात नाही. याला तुम्ही देखावा म्हणता. माझ्या हिशेबात या कामात मोठ्या टायरसाठी खरी जागा फक्त तिनंच केली. उरलेले थोडे मिलिमीटर बंपस्टॉपखाली जाड रबर घालून आणि पत्रा कापून काढावे लागले.

कुठे कापायचं हे अंदाजानं ठरवू नये. टायरच्या खांद्यावर ओला खडू भरपूर फासा. एक पुढचं चाक रॅम्पवर किंवा भक्कम ठोकळ्यावर इतकं चढवा की बंपस्टॉप टेकेल, मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. पत्र्यावर जिथे पांढरं उमटेल तिथेच कापायचं, बाकी हात लावायचा नाही. माझ्याकडे वर डोक्यावर काहीच उमटलं नाही, जे मला नक्की लागणार असं वाटत होतं. उमटलं ते मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात आणि बंपरच्या आतल्या कडेला. शिवाय पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला चाटत होता, तो नकलवरचे (चाक वळवणाऱ्या सांध्यावरचे) स्टॉप बोल्ट, जे चाक किती वळेल ते अडवतात, थोडे बाहेर काढून सोडवला. वळणाचा घेर वाढला, घाटातल्या अरुंद वळणावर एकदा मागे घ्यावी लागते. चालतं. कापलेल्या कडेला लगेच रेड ऑक्साइड मारा, नाहीतर एका पावसाळ्यात कोकणातली हवा तुमचं उरलेलं काम फुकटात करून देईल.

शॅकलबद्दल. इथे तुमची भीती खोटी नाही, पण तुम्ही सगळ्यांना एकाच मापानं मोजलंय. जिप्सीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक चासीपासून खाली ढकललं जातं, त्याबरोबर हाउसिंग पुढे झुकतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो. कॅस्टर गेला की स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही, हायवेवर गाडी भरकटते, सारखी सावरत बसावी लागते. चार-चार इंच लांब शॅकल टाकून फिरणाऱ्या गाड्या मीही पाहिल्यात, आणि त्यात बसायची माझी तयारी नाही. पण शॅकल जितकी लांब त्याच्या निम्मीच गाडी उठते. मी दोन इंच वाढवली, एक इंच मिळाला, आणि तेवढ्यानं बिघडलेला कॅस्टर पाटा आणि हाउसिंगच्या पॅडमध्ये पोलादी पाचर घालून परत आणला. पोलादीच. ॲल्युमिनियमची पाचर स्वस्त आणि हलकी असते, पण मार खाऊन चिरते, आणि चिरली की पाटा हाउसिंगला आवळणारे यू-बोल्ट सैल पडतात. दोन्ही पट्ट्यांना मधून आडवा जोड नसलेली शॅकलही घेऊ नका, चाक तिरकं लटकलं की ती पिळवटते.

आणि तुम्ही ज्या थरथरीचं वर्णन केलंय, खड्ड्यातून गेल्यावर अख्खं स्टिअरिंग हातातून सुटेल असं हलणं, ते जिप्सीत बऱ्याचदा शॅकलच्या आधीपासून घर करून असतं. किंगपिनची (नकल ज्यावर फिरतो त्या खुंट्यांची) बेअरिंगं झिजलेली, शिम, म्हणजे पातळ चकत्या, पुन्हा न लावलेल्या, दोन चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड ढिले. जुन्या लहान टायरवर हे झाकलं जातं, जड टायर आला की उघडं पडतं, आणि नाव शॅकलचं होतं. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून येणारा दांडा) आणि टाय रॉड सोडवून नकल स्प्रिंगच्या काट्यानं ओढून बघा. अलगद फिरला तर शॅकलला शिव्या देण्याआधी बेअरिंगं बदला.

आता पाटे हाउसिंगवर घेण्याचं. पाच इंच मिळतात हे खरं, आणि पाटे तेच राहतात म्हणून ते स्वस्त वाटतं. पण फक्त वाटतं. हाउसिंगच्या नळीवर नवे पॅड वेल्ड करायचे, तेही पिनियनचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट हाउसिंगला जिथे जोडतो त्या तोंडाचा, कोन बरोबर धरून. वेल्डिंगच्या उष्णतेनं नळी वाकली तर ॲक्सलची सील आणि बेअरिंगं तुम्हाला आयुष्यभर शोधत येतील. ड्रॅग लिंक पाट्यावर आदळते, म्हणजे स्टिअरिंगची मांडणी बदलायची. ब्रेकचे होज पुढचे-मागचे सगळे लांब करायचे. प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड जवळजवळ बाहेर येतो, म्हणजे स्पेसर किंवा नवा शाफ्ट. वर, मऊ पाटा हाउसिंगच्या वर बसला की लोमध्ये (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअर श्रेणीत) ॲक्सिलरेटर दाबताच तो इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो आणि शाफ्टचे क्रॉस खातो. त्यावर उपाय म्हणून ट्रॅक्शन बार, म्हणजे हाउसिंगला पिळू न देणारा दांडा. एवढं सगळं नीट केलंत तर ती गाडी माझ्या गाडीपेक्षा दगडात कितीतरी सरस चालेल, वाद नाही. पण ते सगळं नीट करायचं बिल आणि ‘फक्त पॅड वेल्ड करून दे’ म्हणणाऱ्याचं बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही तुलना दुसऱ्याशी केलीत. आणि ३१ इंची टायर घालायचाच नसेल तर पाच इंच करायचे काय?

खर्चाचं बोलू. शॅकल, पाचरी, पक, लांब बोल्ट आणि लेथवाल्याची मजुरी हे सगळं मिळून चार टायरांच्या पासंगालाही पुरत नाही. बजेट मोडतं ते टायर आणि रिमवर. हो, रिमवरही. कंपनीचा रिम साडेपाच इंच रुंद, २३५ च्या टायरला किमान सहाचा हवा. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अनेक जण जुन्याच रिमवर ताणून बसवतात म्हणून सांगतो. आतल्या बाजूला फार खोल नसलेला रिम घ्या, म्हणजे पाट्याला घासणं कमी होईल.

जिथे मी एक रुपया वाचवला नाही ते न दिसणारं सामान: ब्रेकचे होज, शॉक, यू-बोल्ट. यू-बोल्ट एकदा पिळून बसले की ते परत वापरायचे नसतात, तरी निम्म्या गॅरेजांत ग्रीस लावून तेच चढवतात. होज तपासायचा तर गाडी चासीला जॅक लावून उचला, चाक मोकळं लटकू द्या, मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. होज कुठेही तणावात दिसला नाही पाहिजे. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ दिसला तर त्या दिवशी गाडी रस्त्यावर आणू नका, मग लिफ्ट एक इंचाची असो की पाचाची.

जुन्या पाट्यांना कमान मारून घेण्याचा सल्लाही तुम्ही दिलात. बसलेले पाटे असतील तर ते मलाही शॅकलपेक्षा आवडतं, पण गॅस मारून लाल करून वाकवणाऱ्याकडे नको. नीट टेंपर दिलेला नसेल तर ते पाटे काही महिन्यांत पुन्हा सपाट होतात, नाहीतर तुटतात. ट्रकचं काम करणारा, भट्टी आणि तेलाची टाकी असलेला पाटेवाला शोधा. एक पाटा जादा टाकण्याच्या भानगडीत पडू नका. जेमतेम एक टन वजनाची गाडी, ती दबणारच नाही आणि तुमचा मणका मात्र दबेल.

गिअरिंगवर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘इंजिन मरतं’. मरत नाही, पण दमतं. टायर जवळपास दहा टक्के मोठा झाला, म्हणजे लोचं २.२६८ चं प्रमाण २.०७ असल्यासारखं वागतं. स्पीडोमीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६६ ला असते. ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला पाचवा गिअर घाटात तसाही कधी पेलत नव्हता, आता चौथाही विचार करून टाकावा लागतो. ब्रेकलाही तेवढंच जास्त ओझं. ज्याला हे नको त्यानं २१५/७५ आर १५ घ्यावा. तो फक्त १८ मिलिमीटरनं वर येतो, इंजिनाला आणि ब्रेकला हलका पडतो, पत्राही बराचसा वाचतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त लोकांनी तिथेच थांबावं.

कायद्याबाबत तुमच्याशी मी वाद घालणार नाही, तुमचं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे, त्यावर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं स्पष्ट लिहिलंय. आरटीओनं अडवलं तर ‘ब्लॉगवर वाचलं होतं’ हे उत्तर चालत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी गाडीखाली वाकून बघते हेही लक्षात ठेवा. हे मी मूळ लेखात शॅकलच्याही आधी लिहिलं होतं. फक्त, कायदा मोडतो म्हणून बॉडी लिफ्ट यांत्रिकदृष्ट्या चुकीची आणि पाट्यांची उलथापालथ बरोबर, हे तर्कट मला पटत नाही. दोन्ही एकाच कलमात बसतात.

शेवटी तुम्ही खोचकपणे विचारलंत की मग याच गाडीत ३० इंची का नाही बसवला. तो ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या टायरपेक्षा आणखी १४ मिलिमीटर वर येतो. बसतो. पण मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात आतला जोडच कापावा लागतो, बंपस्टॉप आणखी खाली आणावा लागतो, आणि मग चाक दबायला उरतं किती? तुमच्या गाडीत तो असेल तर खडू लावून बघा आणि कुठे उमटतो ते लिहा. मागच्या चाकाचं जास्त कुतूहल आहे, तिथे मी इतका मोठा टायर घालून बघितलेला नाही.