‘माणसाला एड, वस्तूला इंग’ हा नियम चुकीचा आहे

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये एक तक्ता सारखा फिरतो. त्यात तीन दावे असतात: माणसाबद्दल बोलताना भावना सांगणाऱ्या शब्दाच्या शेवटी ‘एड’ (-ed) लावा आणि वस्तूबद्दल बोलताना ‘इंग’ (-ing), ‘एड’ म्हणजे भूतकाळ, आणि ‘बोअर्ड-बोरिंग’सारखी जोडी प्रत्येक क्रियापदापासून बनते. मी इंग्रजी शिकवते आणि या तक्त्याने झालेलं नुकसान रोज वह्यांमध्ये बघते.

पहिला दावा सगळ्यात घातक. एका मुलीने ‘माय अंकल इज बोरिंग’ असं बरोबर लिहिलं होतं. तक्ता आठवला म्हणून तिने ते खोडून ‘बोअर्ड’ केलं. कंटाळवाणे काका एका फटक्यात कंटाळलेले झाले! माणूस बोरिंग असतो, चार्मिंग असतो, ॲनॉइंगही असतो. उलट ‘अ वरीड लुक’ म्हणताना नजरेला ‘एड’ लागतं, कारण काळजी त्या नजरेमागच्या माणसाला लागलेली असते. बघायचं ते एवढंच, की भावना कोणाला झाली आणि कोणामुळे झाली. ज्याला झाली त्याला ‘एड’, ज्याच्यामुळे झाली त्याला ‘इंग’. दमलेला आणि दमवणारा, कंटाळलेला आणि कंटाळवाणा यांत आपण मराठीत कधी घोळ घालतो का?

घोळ होतो तो उसन्या शब्दांत. ‘मी बोअर झालो’ आणि ‘पिक्चर बोअर आहे’, दोन्हीकडे आपण नुसतं ‘बोअर’ वापरतो. शेपूट मराठीत येताना गळून पडतं. इंग्रजी बोलताना ते परत जोडायचं म्हटलं, की हाताला लागेल ते जोडलं जातं. मुलाखतीच्या सरावात एक मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब.’ त्याला नोकरीत रस होता, पण ‘आय ॲम इंटरेस्टिंग’ म्हणजे ‘मी रंजक माणूस आहे’. त्याला ‘इंटरेस्टेड’ म्हणायचं होतं.

भूतकाळाचा दावा एका वाक्यात पडतो: ‘आय विल बी टायर्ड टुमॉरो.’ इथे काळ ‘विल बी’ सांगतं, ‘टायर्ड’ फक्त अवस्था सांगतं.

राहिली प्रत्येक क्रियापदाची जोडी. ‘स्केअर्ड’समोर ‘स्केअरिंग’ सहसा कोणी म्हणत नाही, ‘स्केअरी’ म्हणतात. तसंच ‘इम्प्रेस्ड’समोर ‘इम्प्रेसिव्ह’, ‘डिलाइटेड’समोर ‘डिलाइटफुल’, ‘स्ट्रेस्ड’समोर ‘स्ट्रेसफुल’. यांना नियम लावत बसू नका, जोडीनेच पाठ करा. आणि पाठ करताना पुढचा छोटा शब्दही सोबत घ्या: ‘इंटरेस्टेड इन’, ‘टायर्ड ऑफ’.