गोळी म्हणे घरी जाऊन खावा

आज डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

संध्याकाळी पुतण्याची कंपासपेटी उघडली, तर पेन्सिलीच्या भुशात, वहीच्या कागदात गुंडाळलेली गोळी. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. जंताची. "काका, हेडसर म्हणाले घरी जाऊन खावा, आज कार्यक्रम हाय." रजिस्टरात टिकमार्क पडला असणारच! अहो, ही गोळी शिक्षकांसमोर चावून खायची असते. आजारी पोराला द्यायची नाही, गैरहजर असलेल्याला मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्या पोरांसाठी ठेवलेल्या, दिवशी द्यायची. घरी पाठवायचीच नाही.

मला आमच्या हेडबाई आठवल्या. मी चौथीत, फळा दिसायचा नाही, म्हणून शेजारच्याच्या वहीतनं उतरवायचो, त्याच्या चुकांसकट. सगळ्यांनी ढ ठरवून टाकलेलं. बाई एकदा वर्गाच्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या आणि माझे मिचमिचे डोळे त्यांना दिसले. दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणं. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवरनं ते चिकट हातानं तसेच आले. "पोरगं ढ नाही, त्याला दिसत नाही. सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवा."

आता तर सगळं दारात येतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातनं एकदा शाळेत येऊन पोरं तपासतं. लोहाच्या गोळ्या दर आठवड्याला, पाचवीपर्यंत गुलाबी, पुढं निळी. पण पथक दवाखान्याची चिठ्ठी लिहून जातं, त्या चिठ्ठीचं पुढं काय झालं हे कोण बघणार? हेडसरच की! लोहाची गोळी उपाशीपोटी दिली की मळमळतं, मग पोरं फेकून देतात. खिचडीनंतर द्यायची, वार ठरवायचा. याला काय वेगळा जीआर पाहिजे? रक्त कमी असलेलं पोरगं तिसऱ्या तासाला पेंगतं, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. मला ढ म्हणायचे तसंच.

मान्य, हेडसरांच्या मागं ऑनलाइन माहिती, तांदळाचा हिशेब, निवडणुकीची कामं. मान्य. पण आमच्या बाई सोमवारी गेटवर उभ्या होत्या, चष्मा आला का बघायला. दोन मिनिटं लागली असतील.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, गेल्या पुरात त्यांनी शाळेत कितीतरी घरं सांभाळली. उद्या गोळी घेऊन जाणार आहे, मॉप-अपला त्यांच्यासमोरच चावून खाऊ दे.

पुतण्या आत्ताच म्हणाला, "काका, तू भांडणार असशील तर मी उद्या शाळेला येत नाही."