मांस काढून घेतलं म्हणून फो शाकाहारी होत नाही

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या फोच्या, म्हणजे व्हिएतनामी नूडल्स-सुपाच्या, दुकानाला दोन स्टार दिलेत आणि सविस्तर लिहिलंत. मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देते. हो चि मिन्ह सिटीत फिरायला येणारी आपली मंडळी हल्ली खूप वाढली आहेत. तुमचा रिव्ह्यू वाचून त्यातले कितीतरी जण काय खायचं, कुठे खायचं हे ठरवतील. त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे.

तुमचं मुख्य म्हणणं असं, की तुम्ही चौघं आलात, सासू-सासरे शाकाहारी. “नूडल्स आणि सूप द्या, फक्त मांस घालू नका” एवढंच मागितलंत, तरी मी नाही म्हणाले, दुसऱ्या दुकानाकडे बोट दाखवलं, आणि मराठी बाई असून म्हाताऱ्या माणसांना उपाशी ठेवलं. त्याशिवाय चिकन फो सपक होता, ताटात कच्चा पाला आणून ठेवला, ओल्या रुमालाचे पैसे लावले, आणि बसायला बुटकी स्टुलं होती.

पहिल्या मुद्द्यावर सांगते. तुम्ही उद्या पुन्हा आलात आणि हेच मागितलंत, तरी मी नाहीच म्हणेन.

फोचं सगळं काम त्या सुपात असतं. आदल्या संध्याकाळी बैलाची नळीची हाडं पाण्यात भिजत घालायची, मग एक उकळी काढून ते पाणी फेकायचं, हाडं धुऊन घ्यायची आणि रात्रभर मंद आचेवर ठेवायची. खळखळा उकळू द्यायचं नाही, नाहीतर सूप गढूळ होतं. आलं आणि कांदा थेट जाळावर काळे होईपर्यंत भाजायचे. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग, धने कोरडे भाजून त्यांची पुरचुंडी आत सोडायची आणि वेळेवर बाहेर काढायची. शेवटी खडीसाखर, मीठ आणि नुक माम, म्हणजे मासे आंबवून केलेला खारट सॉस. चिकनचं पातेलं वेगळं, त्याचे झारे वेगळे, पण त्यातही कोंबडीची हाडं आणि नुक माम असतंच. वाडग्यात वर ठेवलेले मांसाचे काप अगदी शेवटी येतात. ते नाही ठेवले तरी खाली जे आहे ते हाडांचंच.

मी कोल्हापूरची. पांढऱ्या रश्श्यातून मटणाचे तुकडे काढून घेतले आणि उरलेला रस्सा माळकरी माणसाला “शाकाहारी आहे, घ्या” म्हणून वाढला, तर त्याला आपण काय म्हणू? तुमच्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या आत आल्या तेव्हाच मला ती दिसली. तुम्ही म्हणता तसे दोन वाडगे भरून द्यायला मला दोन मिनिटं लागली नसती. गल्ल्यात पैसे आले असते, तुम्ही खूश झाला असतात, आणि त्यांना कधीच कळलं नसतं. पण मला कळलं असतं. माझ्या हातून ते होणार नाही.

उपाशी ठेवलं, हे मात्र मला लागलं. मी दोन दारं पलीकडच्या शाकाहारी खानावळीचं नाव सांगितलं, तेव्हाच म्हणाले होते की तिथून मी मागवून देते, तुम्ही सगळे एकाच टेबलावर बसून खा. तुम्ही “राहू दे” म्हणालात. मग मी केळी आणून ठेवली. सासरेबुवांना स्टुलावर बसताना गुडघ्याचा त्रास होतोय हे बघून माझ्या नवऱ्याने वरच्या मजल्यावरून घरातली खुर्ची आणली, त्यावरच ते शेवटपर्यंत बसले होते. हाकलायचं असतं तर खुर्ची कशाला आणली असती?

आता जे शाकाहारी लोक इकडे येणार आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण या शहरात त्यांनी उपाशी राहायचं काहीच कारण नाही. इथे बौद्ध परंपरेतल्या शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला एरवी मांस खाणारी कितीतरी घरंही चाय पाळतात. चाय खानावळी गल्लोगल्ली सापडतात. तिथे टोफू, अळंबी, भाज्या, नूडल्स सगळं मिळतं आणि नुक मामच्या जागी सोयाबीनचा सॉस असतो. साध्या हॉटेलात मात्र ‘व्हेज’ शब्दावर विसंबू नका. परतलेल्या पालेभाजीतसुद्धा नुक माम पडतं, आणि बऱ्याच जणांच्या लेखी मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे झालं व्हेज. यात फसवायचा हेतू नसतो, त्यांचा हिशेबच वेगळा असतो. म्हणून ‘चाय’ हाच शब्द वापरा. कडक चायमध्ये कांदा-लसूणही नसतो, पण मुळा आणि गाजर असतात, तेव्हा जैन मंडळींनी आधी विचारून घ्यावं.

चिकन फो सपक लागला म्हणालात. फोला आपल्यासारखी तर्री नसते आणि तो तिखट नसतोच. आमच्या सासूबाईंचं घराणं उत्तरेकडच्या नाम दिन्हचं. फो तिकडूनच आला असं मानणारे पुष्कळ आहेत. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले, त्यांत हे कुटुंबही होतं. चिकन फोसुद्धा पाहुण्यांसाठी काढलेला प्रकार नाही. 1939 च्या सुमारास हनोईत आठवड्यातले दोन दिवस गोमांस विकत नसत, तेव्हा तो रुळला असं सांगतात. उत्तरेकडचा फो साधा, वर कांद्याची पात आणि मिरपूड, बस्स. दक्षिणेत आल्यावर त्याच्याबरोबर पाल्याचं ताट, मोड आलेले मूग, लिंबू, मिरची आणि दोन सॉस आले. सासूबाईंना आजही सुपात काळा सॉस ओतलेला आवडत नाही, पण गिऱ्हाईक मागतं म्हणून बाटली टेबलावर असते.

तुमच्या टेबलावरचं ते पाल्याचं ताट जसंच्या तसं परत आलं. तो पाला शोभेला ठेवलेला नव्हता, चव त्यातच आहे. आधी सूप नुसतंच एक चमचा घेऊन बघायचं. मग तुळशीसारख्या वासाची ती जांभळ्या दांड्याची पानं आणि करवतीच्या कडेची लांब पानं हाताने तोडून गरम सुपात बुडवायची. या लांब पानांना कोथिंबिरीचाच वास असतो, पण जास्त उग्र. मोड थोडे टाकायचे, लिंबू पिळायचं, मिरचीच्या चकत्या घालायच्या, आणि सूप गरम असतानाच खायचं. तुमच्या मिस्टरांनी फोटो काढले, फोनवर बोलणं झालं, तोवर नूडल्स फुगून सूप पिऊन बसल्या होत्या. तसा फो कुणालाही सपकच लागेल. आणि चक्रीफुलाचा वास तुम्हाला परका वाटला असं लिहिलंत, त्याचं मला नवल वाटलं. हे चक्रीफूल उत्तरेकडच्या लांग सोन प्रांतात पिकतं. व्हिएतनामच्या चक्रीफुलाचा भारत मोठा गिऱ्हाईक आहे. तुमच्या घरच्या मसाल्यातलं चक्रीफूल इथलंच असू शकेल.

रुमालाचं म्हणाल तर ती पाकिटं इथे जवळपास सगळीकडे टेबलावर ठेवलेली असतात. फोडलं तर पैसे, नाही फोडलं तर नाही. आमच्याकडे एकाचे 3,000 डोंग, म्हणजे साधारण 10 रुपये. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. तुम्ही चार फोडलीत, चारांचे लावले. बर्फाच्या चहाचे पैसे आम्ही घेत नाही, तेही बिलात बघा.

आमच्या सासूबाई हसल्या नाहीत, असंही तुमचं एक वाक्य आहे. त्या तेव्हा पातेल्यावरचा फेस काढत होत्या. ते काम करताना त्या आमच्याशीही बोलत नाहीत.

आणि एक. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला आम्ही स्वतः चाय फो करतो. पातेलं वेगळं, झारे वेगळे, नूडल्स उकळायचं पाणीही वेगळं. त्यात मुळा, गाजर, मका, कोबी आणि सुकी शिताके अळंबी असतात, मसाल्याची पुरचुंडी तीच. तुमच्या सासूबाईंना तो मी बिनघोर वाढेन. मुक्काम तेवढा लांबला तर सगळ्यांना घेऊन या. फक्त नऊच्या आत या, फो इथे सकाळचं खाणं आहे आणि चायचं पातेलं लहान असतं.