आधी बेड बघा, मग कंट्रोलर
जुन्या लेथला (धातू फिरवून कातायचं मशीन) सीएनसी किट (मशीन कॉम्प्युटरने चालवायचा संच) बसवण्यापेक्षा सेकंडहँड सीएनसी मशीनच घ्या, असं एका लेखात वाचलं; हे मत सरसकट पटत नाही. आमच्या भोसरीत एचएमटीचे एनएच २२ लेथ अजून चालतात, कास्टिंग (ओतीव लोखंडाचा सांगाडा) दणकट आहे. फक्त चकजवळ (जॉब पकडून फिरवणारा भाग) बेड, म्हणजे मशीनचा लांब पाया, किती झिजलाय ते आधी बघा, बहुतेक काम तिथेच होतं. सॅडल (बेडवरून टूल घेऊन सरकणारा भाग) चकजवळ मोकळं आणि दुसऱ्या टोकाला, टेलस्टॉककडे, जाम होत असेल, तर बेड ग्राइंड केल्याशिवाय बॉलस्क्रू-सर्वो (किटमधले स्क्रू आणि मोटर) बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि सेकंडहँड सीएनसीचा नवा रंग बघून भुलू नका हो! मशीन चालू करून, डायल गेज लावून बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) मोजल्याशिवाय इसार देऊच नका. कंट्रोलर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) बंद झालेल्या मॉडेलचा निघाला, तर एका इलेक्ट्रॉनिक कार्डासाठी मशीन महिनोन्‌महिने उभं राहतं.